वेशीवर ठेवलेली सावली

बारावीनंतरच्या उन्हाळ्यात मी आमच्या गल्लीतल्या बायकांना मोबाइलवरून एक गोष्ट वाचून दाखवत असे. दुपारी आई आणि शेजारच्या दोघी आमच्या पत्र्याच्या सावलीत विड्या वळत बसायच्या. आमच्याकडची रीत अशी, की वाचणारीचे हात अडकलेले असतात, म्हणून तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. आधी पोथी वाचणाऱ्या एका आजीबाईंना हा मान होता. त्या गेल्यावर तो माझ्याकडे आला.

गोष्टीचा नवा भाग दर आठवड्याला यायचा. त्यातल्या राज्यात गाव सोडणाऱ्याला आपली सावली वेशीवर ठेवून जावं लागे. वेशीची किल्ली एका बाईकडे होती आणि तिच्याच मुलीला विद्या शिकायला बाहेर जायचं होतं.

"आपल्या सोलापुरात सावलीबिगर निघाली तर दुपारपर्यंत भाजून निघंल की पोरगी!" शेजारच्या अक्का म्हणाल्या. "छत्री तरी दे म्हणावं."

मला पुण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळत होता. त्याच वेळी होटगीचं स्थळ आलं होतं आणि माझ्या वडिलांना, अप्पांना, ते पसंत होतं. आई मला "बघू" म्हणायची, यापलीकडे घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं.

मग तो भाग आला. गोष्टीतल्या आईने मुलीच्या काळजीने वेशीला कुलूप घातलं.

"बरुबर केलं," अक्का म्हणाल्या. "बिनसावलीची पोरगी करून कोण घील?"

आई वाचताना कधी मधे बोलत नसे. त्या दिवशी तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "सावली पोरीची हाय. तिला कुणी इचारलं का?"

"तुझ्याकडं किल्ली असती तर?" अक्कांनी विचारलं.

"उघडलं असतं."

"आन् नवरा?"

"त्यो झोपलेला असता की, आमच्या ह्यांच्यावानी!"

तिघी हसल्या. अप्पा कारखान्यातली रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेले असायचे. हसण्याने ते जागे झाले आणि दारात आले. "कसलं कुलूप?"

"गोष्टीतलं," आई म्हणाली आणि तिने त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मला नवल वाटलं. माझ्याबद्दल एक वाक्य न बोलणारी आई त्या मुलीची बाजू मांडताना अडखळत नव्हती. काय चाललंय ते अक्कांनाही कळलं होतं. त्या खाली बघून दोरा गुंडाळत राहिल्या.

अप्पा उंबऱ्यावर बसले. त्यांनी मला विचारलं, "मग ती पोरगी परत येती का?"

त्यांना भीती कशाची होती, ते मला तेव्हा समजलं. शिकलेली मुलगी आपल्याला विसरेल का, हे ते मला एरवी कधीच विचारू शकले नसते.

"ती परत येते, अप्पा," मी म्हणाले. पुढचा भाग अजून आला नव्हता.

"आन् आईबापाला वळखती?"

"व्हय."

त्यांनी तोंड धुतलं, चहा घेतला आणि माझ्यासमोरच होटगीला फोन लावला. पोरगी शिकणार आहे, तुम्ही दुसरीकडे बघा, एवढंच बोलले. मग आईला म्हणाले, "पुण्याला कुटली एसटी सोयीची पडंल, इचारून ठिवतो."