तिठ्यावरचा चोथा

लिन-हो गेली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "सगळ्या गावाला काढे पाजले, आणि स्वतःच्या दुखण्याचा पत्ता लागला नाही बिचारीला." मी पेजेच्या पातेल्यात डाव फिरवत होते. तोच डाव एकेकीच्या डोक्यात घालावा असं वाटलं. पत्ता तिला पहिल्यापासून होता. मलाही होता.

आमची चटईवाल्यांची गल्ली नदीच्या धक्क्यापाशी सुरू होते आणि तिठ्यावर संपते. तिठ्यावर माझी पेजेची गाडी. पहाटेपासून तिथे उभी असते, त्यामुळे कोण कुठून आलं आणि कोणाच्या घरी काय शिजलं हे मला विचारत फिरावं लागत नाही. लिन-हो चटयांच्या कारखान्यात होती. नवरा, क्वाँग, तरुणपणीच खोकल्यातून रक्त पडून गेला. मागे एक मुलगा, विंग-निन. तो आता मोटारी दुरुस्त करतो.

तिच्या घरात चुलीवर संत्र्याच्या साली टांगलेल्या असत, धुराने काळ्या पडलेल्या. जितकी साल जुनी तितकी गुणाची, असं म्हणत ती त्या जपायची. कोणाचा खोकला ऐकू आला की खडीसाखर घालून वाफवलेली नासपती वाटीत घेऊन दारात हजर. कोणाच्या पोराच्या तोंडाला फोड आले की, "तळलेलं खाल्लंस ना रे? उष्णता चढलीय," म्हणून त्याचं नाक धरून कडू चहा पाजायची. बाळंतिणीला आलं आणि काळा शिरका घालून डुकराचे पाय. थंडीत झोपताना पाय गरम पाण्यात. जेवल्यावर शंभर पावलं. माझ्यावर तिची विशेष नजर होती.

"ताई, घामाच्या अंगाने गार पाणी पिऊ नका."

"मग काय, गरम पिऊन उकडून मरू?"

"मरा, पण पोट सांभाळून मरा."

असं बोलायची. पैसे कोणाकडून घ्यायची नाही, आणि उपकार केल्याचा आवही आणायची नाही. म्हणून तर लोकांनी तिला गृहीत धरलं.

आमच्याकडे काढा उकळून झाला की चोथा घरात ठेवत नाहीत, केरातही टाकत नाहीत. तो तिठ्यावर नेऊन ओतायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांना लागून दुखणं घराबाहेर निघून जातं. टाकणारा या आशेने टाकतो, आणि जाणारा दुसऱ्याचं दुखणं आपल्या पायाला नको म्हणून वळसा घालतो. सगळ्यांनाच टाकायचं असतं, तुडवायचं कोणालाच नसतं. बायका मात्र थोडं अंतर ठेवून वाकून पाहतात. कुठली मुळी, कुठली साल, म्हणजे कोणाला काय झालंय, याचा निकाल माझ्या गाडीशी पेज थंड व्हायच्या आत लागतो.

लिन-हो तेवढी वळसा घालायची नाही. चोथा दिसला की सरळ त्यातून चालत जायची, टाच जरा जास्तच दाबून.

"तुला काही हौस आहे का ग?" मी एकदा विचारलं.

"कोणीतरी आशेने टाकलंय, ताई. सगळेच बाजूने गेले तर ते दुखणं जाणार कुठे?"

धक्क्याजवळ एक चोथा वरचेवर पडलेला असे. आमच्या गल्लीतल्या कोणाचाच नव्हता. बायकांनी खूप डोकं चालवलं, पण मालक सापडला नाही. लिन-होने वाकून पाहिलं. "तुतीच्या मुळाची साल. जर्दाळूच्या बिया. छातीचं दुखणं आहे, आणि जुनं. असेल कोणाचं तरी लेकरू." मग भाजी आणायला जाताना आणि येताना ती त्याच्यावरून चालायची. इतरांनी धक्क्यावर जायची वाटच बदलली होती.

विंग-निनची दोन स्थळं मोडली होती. कारण उघड होतं. बाप छातीने गेला, आणि त्याचा चोथा त्या काळी अख्ख्या गावाने पाहिला होता. रक्तातच असेल, म्हणाले लोक. तो तिशीला आला तेव्हा नदीपलीकडच्या फोक घराण्यातली सिउ-मान सांगून आली. मुलगी नाजूक, कमी बोलणारी. तिची आई, फोकबाई, नाकाने कांदे सोलणारी. घर बघायला आली ती आधी चुलीशी गेली, मडकं उघडून हुंगलं.

"हे कोणासाठी?"

"शेजारच्या म्हातारीला. गुडघे धरलेत तिचे."

"तुम्हाला स्वतःला काही नाही ना? आत्ताच विचारलेलं बरं. माझी एकुलती एक आहे. सासूच्या उशापायथ्याशी बसून तिची उमर जायला नको."

"माझ्या घरात काढा उकळतो तो दुसऱ्यांसाठी," लिन-हो म्हणाली.

"तसंच राहू दे," फोकबाई म्हणाली आणि हसली. लग्न वर्षअखेरीला ठरलं. लग्नाचं आमंत्रण म्हणून गोड रोट्या वाटून झाल्या. आता मोडलं असतं तर विंग-निनला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

आणि नेमकं त्याच शरदात, चंद्राच्या सणाला, मी दिलेली गोड रोटी लिन-होने हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. दुसऱ्या हाताची मूठ बरगडीखाली रुतवून उभी होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पित्त आहे."

"मला नको शिकवूस. पित्ताने माणूस असं पिवळं पडतं?"

तेव्हा तिने सांगितलं. खाल्लेलं राहत नव्हतं. हाताला गाठ लागत होती. तिने स्वतःसाठी काढा सुरू केला होता. उकळायची अडचण नव्हती, तिच्या घरातून तो वास नेहमीच यायचा. अडचण चोथ्याची होती. तिठ्यावर टाकला की बायका वाचणार, गल्लीत पोटाने कोण आजारी आहे ते शोधणार, आणि आठवड्यात नदीपलीकडे बातमी पोचणार. घरात ठेवला तर दुखणंही घरातच राहणार.

"माझ्या गाडीसमोर टाक," मी म्हटलं. "विचारलं तर पेजवालीचं म्हणून सांगेन. मला कुठे आता लग्न करायचंय."

ती हसली, आणि हसताना पोट धरलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग रोज सकाळी माझ्या गाडीसमोर चोथा पडायला लागला. बायका वाकल्याच. "पेजवाल्या काकू, पोटाचं का हो?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "पोटाचंच. तुमच्यासारख्यांना रोज पचवायचं म्हणजे काय सोपं आहे?" हसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या निम्म्या आल्या नाहीत. समोर शेवयांचं दुकान आहे, तिथे वाट्या घेऊन उभ्या. जिच्या पोटातच रोग, तिच्या हातची पेज कोण खाणार? वर्षानुवर्षं माझ्या हातचं खाऊन त्यांची पोरं वाढली होती. थोड्याच दिवसांत पातेलं अर्ध्यावर राहायला लागलं. एका सकाळी उरलेली पेज मी धक्क्यावरच्या बदकांना घालत होते, ते लिन-होने पाहिलं.

त्यानंतर माझ्या गाडीसमोर चोथा पडला नाही. मी कामं टाकून तिच्याकडे गेले. चूल थंड होती, मडकं पालथं.

"का बंद केलंस?"

"तुमच्या पोटावर पाय देऊन माझं पोट बरं करू?"

"बदकं काही तक्रार करत नाहीत. टाक तू."

"नको."

"मग घरात पी. चोथा पूर परसात."

तिने मान हलवली. "पुरलेलं दुखणं घरातच राहतं, ताई. या घरात आता सून येणार. तिची पोरं इथे रांगणार. त्यांच्या पायाखाली मी हे ठेवू?"

मी चिडले. म्हटलं, कँटनला जा, मोठ्या इस्पितळात, पोट दाखव. ती म्हणाली, बोटीत अर्धं गाव असतं, लगेच विचारतील कुठे निघालीस म्हणून. "लग्न होऊ दे. मग जाते. तुम्हीच न्या मला."

काढ्याने ती वाचली असती असं मी म्हणत नाही. मी पेजवाली आहे, वैदू नाही. पण काढा पिणारी बाई निदान मी आजारी आहे असं कबूल तरी करते. मग कोणी विचारतं, कोणी हात धरून दवाखान्यात नेतं. लिन-होने कबूल करणंच बंद केलं. इतरांच्या दुखण्यात टाच दाबून चालणाऱ्या बाईला स्वतःचं दुखणं ठेवायला वीतभर रस्ता मिळाला नाही.

लग्नात तिने गालांना लाली लावली होती. सुनेने गुडघे टेकून चहा दिला तेव्हा पेला दोन्ही हातांनी धरला, तरी झाकण वाजत होतं. फोकबाई म्हणाली, "विहीणबाई, किती वाळलात. धावपळ झाली ना?"

"हो. धावपळच," लिन-हो म्हणाली.

नव्या वर्षाचा सण संपल्यावर मी तिला कँटनला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. तिने नम्रपणे मान हलवली, जणू काही वेळेवर कामाला न आल्याबद्दल मुकादम बोलतोय. थंडी सरायच्या आत ती गेली.

मी विंग-निनला विचारलं, "एका ताटावर जेवत होतास. तुला दिसलं नाही?"

"आई कधी आजारी पडायचीच नाही, मावशी," तो म्हणाला. मुलगा वाईट नाही. रोज तिच्या हातचं सूप प्यायचा आणि वाटीच्या वर पाहायचा नाही, एवढंच.

फोकबाई तिथेही गप्प बसली नाही. शवपेटी दारात असताना चारचौघांत म्हणाली, "दुखणं लपवून लग्न लावलं. आम्हाला सरळ फसवलं." पेटीपुढे भांडण नको म्हणून मी जीभ चावली. ती अजून दुखते.

पुढे एका सकाळी सिउ-मान माझ्या गाडीशी आली. शब्दाशब्दाला दम लागत होता.

"पेजवाल्या मावशी, आमच्या सासूबाईंनी तुम्हाला दिलेलं काढ्याचं मडकं अजून आहे ना?"

"तुला कशाला?"

ती म्हणाली, "मला लहानपणापासून दमा आहे. आईने सांगितलं होतं, लग्न होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. इथे आल्यापासून औषध बंदच आहे. आता सहन होत नाही."

"मग तिकडे तुमचा चोथा कधी कोणी पाहिला कसा नाही?"

"आई आमच्या बाजूला टाकायची नाही. नावेने इकडे आणायची. तुमच्या धक्क्यापाशी."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही तर गल्लीचीच रीत. पण ही बाई आपल्या लेकीचं दुखणं आमच्या दारात आणून टाकत होती, आणि लिन-हो येता-जाता ते आपल्या पायांवर घेत होती. पोरीचा मला राग आला नाही. तिची काय चूक? मी मडकं काढून दिलं. म्हटलं, "उघड उकळ. चोथा इथेच टाक, तिठ्यावर, माझ्यासमोर. कोणी काही बोललं तर माझ्याकडे पाठव."

ती तसं करते. बायका वाकतात, कुजबुजतात, वळसा घालतात.

काल फोकबाई लेकीला भेटायला आली. हातात केळ्यांची फणी, पायात नवे जोडे. तिठ्यावर ताजा चोथा होता, अजून वाफ निघत होती. तिने नाकाला रुमाल लावला, विजारीचे पाय वर धरले आणि भिंतीला चिकटून बाजूने निघाली.

"फोकबाई," मी म्हटलं, "तुमच्याच लेकीचं आहे ते."

ती थांबली. चोथ्याकडे पाहिलं. तुतीची साल आणि जर्दाळूच्या बिया ओळखायला तिला वेळ लागला नसणार. मग तिने जोड्यांकडे पाहिलं. गाडीशी उभ्या असलेल्या बायका वाट्या हातात धरून बघत होत्या.

शेवटी ती बाजूनेच गेली.

लिन-हो असती तर कोणाचं आहे हेसुद्धा तिने विचारलं नसतं.