सोमवारचा भोंगा

माझा काका नदीवरच्या चौकीत पुराचा भोंगा वाजवायचा. वाजवायचा म्हणजे नुसतं बटण दाबायचा. पण त्याचा दमलेला चेहरा बघून वाटायचं, हा तोंडाने फुंकतो की काय. दर सोमवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी असे. पूर काही यायचा नाही, चाचणी मात्र चुकायची नाही. काठावरच्या आमच्या वस्तीने तिचं घड्याळच करून टाकलं. भोंगा झाला की घरोघर ताटं वाढली जात. काकूही वाढायची, कारण चाचणी उरकून काका घरीच जेवायला येई.

वार आणि वेळ बदलत राहू, असं त्याने वर दोनदा सांगून पाहिलं. लोक उगाच घाबरतील, असं साहेबांचं म्हणणं. पालथ्या घड्यावर पाणी. त्यानेही मग नाद सोडला.

संकट काय मुहूर्त बघून येतं? एका सोमवारी, बाराला टेकता टेकता, धरणावरून फोन आला की दरवाजा तुटलाय, पाणी निघालंय. काकाने बटण दाबलं ते दाबूनच धरलं. खिडकीतून खाली पाहिलं तर वस्ती निवांत जेवायला बसत होती. आज भोंगेवाल्याला बटणावरच डुलकी लागली वाटतं, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

बटणावर जड वजन ठेवून, भोंगा तसाच चालू ठेवून तो दुखऱ्या गुडघ्यांनी उतार उतरला आणि पहिल्या घरापासून दारं बडवत निघाला. "चाचणी नाहीये, खरंच पाणी येतंय, उठा." भरल्या ताटावरून उठायचं माणसाच्या जिवावर येतं. कुणी हात धुवायला थांबलं, कुणी पातेल्यावर झाकण ठेवायला. त्याचं स्वतःचं घर ओळीच्या पार टोकाला. आधी धावत जाऊन काकूला काढावं, असं दर दाराशी मनात येत होतं, हे त्यानेच मला सांगितलं. पण मधलं एक दार सुटलं तर ते सुटलंच, म्हणून तो ओळीनेच गेला.

तो घरी पोचला तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं आणि काकू स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून उभी होती. शेजाऱ्यांनी दोर टाकून दोघांना ओढून घेतलं. वस्तीत जीव कुणाचाच गेला नाही.

संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात सगळे ओल्या कपड्यांनी बसले होते. काकू पदराचं पाणी पिळत होती.

"आपलं दार शेवटी वाजवलंत," ती म्हणाली.

"घरच शेवटी आहे गं."

"त्याचं वाईट नाही वाटत मला. बाकीच्यांचं सोडा हो, पण मी तुमची बायको. भोंगा ऐकून मी तरी उठायला हवं होतं."

काकाने भिंतीला डोकं टेकलं.

"मीसुद्धा उठलो नसतो," तो म्हणाला.