भंगार म्हटलेला ट्रॅक्टर

आमच्या ह्यांना इंजिनाचं मन कळतं, माणसांचं कळत नाही. लग्न झाल्यापासून मी हे सांगत आले आहे, पण लांजा तालुक्यात माझं ऐकतंय कोण? जुना ट्रॅक्टर घ्यायचा, पॉवर टिलर घ्यायचा, की लोक आमच्या अंगणात हजर. महिपत म्हणाला घे, तर घ्यायचा. महिपतनं नाक मुरडलं, तर तिथला चहासुद्धा न पिता परत फिरायचं. एवढा ह्यांच्या शब्दाला मान, आणि घरात मीठ संपलंय हे चारदा सांगितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

गेल्या वैशाखात निलेश आला. आमच्याच वाडीतला, काजूची रोपं करून विकतो. त्याला बागेत दोन ओळींमधून फिरेल असा छोटा ट्रॅक्टर हवा होता. म्हणाला, "काका, हेदवीच्या जवळ एक हाय. जुना जपानी, आता तसला बघायला मिळत नाय. बोटीवर होते ते हरिश्चंद्र, त्यांचा. गेल्या आषाढात ते वारले. आता बाई विकतेय."

हेदवी म्हटल्यावर मी आधीच पदर खोचला. दशभुजा गणपतीला जायचं माझं किती वर्षांचं राहिलं होतं! ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण मी गाडीत बसले ती बसलेच. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली, तवसाळला उतरलो, देवाला नारळ दिला आणि मग आम्ही तिघं त्या बाईच्या दारात गेलो.

यमुनाबाई तिचं नाव. बारीक चणीची, बोलायला अगदी मऊ. दारात उभी राहून "या हो, या, उन्हाचे आलात" म्हणाली आणि कोकमाचं सरबत आणायला आत वळली. तोवर हे मागच्या मांगरात, म्हणजे ट्रॅक्टर ठेवलेल्या खोपीत, पोचलेसुद्धा.

हे ट्रॅक्टर बघायला गेले की आधी कोणाशी बोलत नाहीत. पहिला हात इंजिनावर. गरम लागलं तर ओळखायचं, मालकानं आपण यायच्या आधी चालवून ठेवलंय, थंड असताना उठत नाही म्हणून. मग तेलाची पट्टी काढून तेल दोन बोटांत चोळायचं. पुढचं चाक धरून गदागदा हलवायचं. पायाखालच्या पत्र्यावर टिचकी मारत जायचं, कुजलेला पत्रा वेगळा वाजतो. रंग ताजा दिसला तर त्याखाली वेल्डिंग शोधायचं. आणि शेवटी धूर. निळा निघाला तर इंजिन तेल खातंय, पांढरा निघत राहिला तर आत पाणी जातंय. मी इतकी वर्षं ऐकून ऐकून आता मलाही येतं सगळं.

त्या दिवशी इंजिन गार होतं, दगडासारखं. तेल स्वच्छ. चाक हलेना. रंग मूळचाच, उन्हानं फिका झालेला, पण एक ओरखडा नाही. प्रत्येक नटाला ग्रीस. ह्यांनी हँडल घातलं आणि फिरवलं. एका हँडलात! वर्षभर मालकाचा हात न लागलेलं यंत्र एका हँडलात उठलं आणि टुकटुक टुकटुक करायला लागलं. ह्यांचा चेहरा मी पाहिला. आमच्या पहिल्या मुलाला हातात घेतलं होतं ना, तेव्हा असा झाला होता.

बाई सरबत घेऊन आली तशी तो चेहरा पुसला गेला.

आता इथे ह्यांच्या धंद्याची रीत सांगायला हवी. घेणाऱ्याबरोबर जाणाऱ्या माणसानं विकणाऱ्यासमोर यंत्राची स्तुती करायची नसते. खोड काढायची. मान हलवायची, चक् चक् करायचं, "काय ह्याच्यात राहिलंय" म्हणायचं. विकणाराही कच्चा नसतो. तो उसळून म्हणतो, "अहो, डोळे फुटले काय तुमचे? हत्ती आहे हत्ती!" मग हे आणखी एक खोड काढतात, तो आणखी एक गुण सांगतो, आणि दोघांच्या मधे कुठेतरी भाव ठरतो. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. नंतर दोघं एका ताटात भजी खातात.

तर हे म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण ह्याचं काही खरं नाय."

बाई सरबताचे पेले हातात घेऊन उभी.

हे वाट बघत राहिले. ती काही बोलेल, मग पुढचं बोलता येईल. ती नुसती बघत राहिली. म्हणून ह्यांनी आणखी रेटलं. "इंजिन बसलेलं आहे. उठलं ते उठलं, पण चार दिवसांचं. मालकांनी तेलसुद्धा वेळेवर घातलेलं दिसत नाय. निगाच नाय ठेवलेली. भंगाराच्या वजनाला जाईल, दुसरं काय?"

मी कोपरानं ह्यांना ढोसलं. पण धंद्यात मी बोलायचं नाही असा आमच्यात करार आहे, म्हणून तोंडानं गप्प राहिले.

बाईनं इतकंच विचारलं, "निगा नव्हती ठेवलेली?"

"नाय," हे म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. आणि सरबताचे पेले पुढे केले.

परत येताना फेरीबोटीत निलेश हवेत होता. ह्यांनी त्याला सांगितलं, "डोळे झाकून घे. असं ठेवलेलं यंत्र मी जन्मात बघितलं नाय. पण आता लगेच फोन करू नको. पावसात दुसरं कोण गिऱ्हाईक जातंय? बाई आपणहून खाली येईल." असं म्हणाले खरं, पण बोटीतून उतरताना तोंड उतरलेलं. घरी आल्यावर बांगड्याचं कालवण समोर ठेवलं, तर नुसते भात कालवत बसले. मी म्हटलं, "काय झालं? देवाला जाऊन आलो आणि तोंड असं?" तर म्हणाले, "ती बाय उलटून बोललीच नाय गं, काशी."

"तिला तुमची ती भांडणाची रीत माहीत असायला ती काय दलाल आहे? नवरा मेलाय तिचा. तुम्ही म्हणालात ते तिला खरं वाटलं असेल."

"मग निलेश घेईलच ना. घेतल्यावर सांगेन, चांगला होता म्हणून."

मन खायला लागलं की माणूस असंच पुढच्या तारखेवर ढकलतो.

पाऊस लागला. लावणी आली. निलेश रोपांच्या गडबडीत, आणि बाईचा फोन येईल म्हणून थांबलेला. फोन काही आला नाही. मधे ह्यांनी दोनदा मला विचारलं, "आपण जाऊन यायचं काय?" मी म्हटलं, "मला काय विचारता, जा की." तर गेले नाहीत. पाय उचलत नव्हता. रात्री कूस बदलत पडायचे आणि सकाळी माझ्यावरच खेकसायचे, चहा गार आहे म्हणून. कढत चहाला गार म्हणणारा माणूस, त्याच्याशी काय बोलायचं?

श्रावणात एकदाचा निलेश म्हणाला, चला, आता सांगेल त्या भावाला घेऊन टाकू. आम्ही तिघं परत निघालो.

बाईनं आम्हाला ओळखलं आणि अशी हसली, जसं माहेरचं माणूस आलं. पडवीत सतरंजी घातली. हे बसलेच नाहीत, सरळ मागे मांगराकडे गेले. मीही गेले मागोमाग. मांगरात सोलून ठेवलेल्या नारळांचा ढीग आणि एका बाजूला सुंभाच्या गुंडाळ्या. ट्रॅक्टर नाही.

"विकलात?" ह्यांनी विचारलं.

"विकला कसला," ती मागून म्हणाली. "भंगारवाला आला, कापलान तिथेच आणि टेम्पोत घालून नेलान. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं हो, भाऊ. नाहीतर मी येईल त्याच्या गळ्यात मारला असता आणि उद्या त्यानं मला शिव्या घातल्या असत्या. हल्ली तोंडावर खरं सांगणारं माणूस मिळतं कुठे? बसा, घावन टाकते."

आणि तिनं घावन टाकले. नारळाची चटणी, गूळ, सगळं आणून ठेवलं. निलेशनं खाली मान घालून खाल्लं. ह्यांनी एक तुकडा मोडला तो हातातच.

ती आपली समोर बसून बोलत होती. तिला कितीतरी दिवसांत कोणी भेटलं नसावं. म्हणाली, "एक गोष्ट तेवढी मनातून जात नाही. बोट सोडून घरी आल्यापासून हे रोज सकाळी उठले की मांगरात. चहा तिथे, पेपर तिथे. मी चिडायचे. म्हणायचे, सवत आणून ठेवलीत. तर मला सांगायचे, यमुने, हा माझ्यामागं तुला जपेल, म्हणून मी त्याला जपतोय. मी विश्वास ठेवला हो. आणि तुम्ही आलात तेव्हा कळलं, निगा नव्हतीच. मग इतकी वर्षं तिथे करत काय होते? मला का फसवलं?"

मला बसवेना. ह्यांच्याकडे बघवेना.

"मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं," ती म्हणाली. "पान ठेवलं आवाराच्या दगडी गडग्यावर. कावळे समोर माडावर बसलेले, एक शिवेना. मुलगी म्हणाली, मी पुढच्या वर्षीही येईन. ह्यांचे भाऊ म्हणाले, वाडी आम्ही बघू. काही केल्या शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा केला. लोक म्हणाले, काय इच्छा राहिली असेल? मी मनात म्हटलं, इच्छा कसली, लाज वाटत असेल. खोटं बोलून गेले ना मला. त्या दिवसापासून फोटोला फूल घातलेलं नाही मी. हात होत नाही."

निलेशनं सतरंजीवर ह्यांचा गुडघा दाबला. गप्प राहा म्हणून. मी पाहिलं ते. गेलेला ट्रॅक्टर परत येणार होता थोडाच? आणि ह्यांच्या शब्दावर तर तालुका चालतो. वाईट झालं एवढं म्हणून उठले असते, तर कोणाला काही कळलं नसतं.

ह्यांनी तो घावनाचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचे मालक खोटं नाय बोलले. खोटं मी बोललो."

तिनं चटणीची वाटी बाजूला सरकवली.

"एका हँडलात उठला होता तो. वर्षभर पडलेला असून. तेल बघितलं मी, स्वच्छ होतं. एकेका नटाला ग्रीस होतं. असं यंत्र जपणारा माणूस मी दुसरा बघितला नाय. भाव पाडायला तसं बोललो. आमच्यात तसं बोलतात. तुम्ही भांडाल असं वाटलं होतं."

मला वाटलं, आता ताट उचलून फेकेल, आणि फेकलं असतं तर मी वाकून गोळा केलं असतं. तिनं फक्त विचारलं, "मग तो भंगार नव्हता?"

"नव्हता."

"आणि मी कापायला दिला."

हे रडायला लागले. इतक्या वर्षांत मी ह्यांना सासऱ्यांच्या वेळेला तेवढं रडताना पाहिलं होतं. म्हणाले, "जी काय किंमत असेल ती मी भरतो. सांगा." मी मनात म्हटलं, हो, माझ्या पाटल्या आहेत.

"किंमत नको मला," ती म्हणाली. आवाज मऊच, पण आता त्याच्यात हाड आलं होतं. "भाद्रपदात, पितृपंधरवड्यात ह्यांचा म्हाळ आहे. पहिलाच. त्या दिवशी या. तुम्ही मांगरात उभे राहून बोललात ना ते, आता त्यांच्यासमोर उभे राहून सांगा."

निलेश गाडीत बसल्यावर म्हणाला, "काका, जाऊ नका. चार लोक जमतील. उद्या तुमच्या शब्दाला कोण विचारील?"

म्हाळाला आम्ही दोघंच गेलो. पाऊस उघडला होता. घरात खीर, वडे, अळूचं फदफदं, सगळा वास पडवीभर. मुंबईहून मुलगी श्रद्धा आलेली, भावकी जमलेली, शेजारची माणसं अंगणात. त्यातले दोघे तर ह्यांच्या ओळखीचे निघाले. एकानं हसून विचारलंसुद्धा, "काय महिपतशेट, इकडे कुठे? ट्रॅक्टर बघायला?"

भटजींचं झालं, पान गडग्यावर ठेवलं. कावळे माडावर. सगळे हात जोडून मागे सरले. यमुनाबाईनं ह्यांच्याकडे पाहिलं.

हे पुढे झाले. हात जोडले आणि पुटपुटले काहीतरी. मला मागे उभी असून ऐकू आलं नाही. कावळे होते तिथेच.

"मोठ्यानं बोला हो, भाऊ," यमुनाबाई म्हणाली. "बोटीच्या इंजिनात जन्म गेला त्यांचा. हळू बोललेलं त्यांना कधीच ऐकू येत नसे."

अंगणात कोणी हलेना. ह्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? मी मान हलवली.

मग हे ओरडले. जयगडच्या खाडीपलीकडे ऐकू जाईल असे ओरडले. "हरिश्चंद्रदादा, तुमचा ट्रॅक्टर एक नंबर होता! निगा राखावी तर तुमच्यासारखी! मी महिपत, लांज्याचा, मी खोटं बोललो! भाव पाडायला बोललो! तुम्ही वहिनींना फसवलं नाय!"

तो हसणारा माणूस हसायचा थांबला होता. श्रद्धा आईचा दंड धरून उभी होती. यमुनाबाईनं तो दंड सोडवून घेतला, गडग्यापर्यंत आली आणि माडाकडे तोंड करून तिनंही ओरडून सांगितलं, "ऐकलंत ना? मी ऐकलं त्या परक्या माणसाचं, तुमचं नाही ऐकलं. चुकले हो मी. या आता, जेवून घ्या."

चूक ह्यांची, आणि माफी तिनं मागितली. हे तिथेच गडग्याला टेकून खाली बसले, आणि डोक्यावरून एक कावळा उतरला तो सरळ पानावर.