नाझनीनचे पुरे रोजे

मुरुडच्या आमच्या गल्लीत नाझनीनचं कौतुक रमजानमध्ये सगळ्यात जास्त व्हायचं. पाळीच्या दिवसांत बायका रोजे ठेवत नाहीत; सुटलेले पुढं भरून काढतात. नाझनीनचा बहुतेक वर्षी एकही सुटत नसे. तिची आई मलिकाभाभी माझी शेजारीण. भिंतीपलीकडून सांगायची, "अंबिकाताई, माझ्या पोरीवर अल्लाची लई मेहेरबानी हाय."

पोरीचं अंग सुटलं, हनुवटीवर केस आले. बायका म्हणाल्या, शिलाई मशीनवर बसून बसून होतं. चार-चार महिने पाळी येत नाही हे घरात ठाऊक होतं, पण तो बोलायचा विषय नव्हे. पुढं मूल होईना, तेव्हा मात्र चारचौघांत ताईत बांधायला कुणाला लाज वाटली नाही. मला या शहाणपणाची चीड येते.

लग्न होऊन ती नांदेडला गेली होती. नवरा रिजवान भला माणूस, पण सासू दुसऱ्या सुनेचं बोलू लागली. नाझनीनला एक लेकरू हवं होतं, बस्स. मग रक्तस्राव सुरू झाला, थांबेचना. ती माहेरी आली आणि मीच दोघींना लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

तपासण्या झाल्या. बाई समजावत होत्या, "अंडाशयात बारीक बारीक गाठी आहेत. बीज नीट पिकत नाही, म्हणून पाळी येत नाही. अशा कित्येकींना उपचारानं मुलं होतात. पण पाळी न आल्यानं गर्भपिशवीचं अस्तर वर्षानुवर्षं जाड होत गेलं, आता त्यात कॅन्सर आहे. पिशवी काढावी लागेल. हे कधीपासून होतं?"

"सोळाव्या वर्षापासून तिचे रोजेच सुटले न्हाईत," मलिकाभाभी सवयीनं म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. तिचा चेहरा माझ्यानं बघवेना.

"एक साल थांबता येईल का?" नाझनीननं विचारलं. "लेकरू झाल्यावर काढा."

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

ऑपरेशन झालं. रिजवान एकदा येऊन गेला, खाली मान घालून बसला. तो गेल्यावर मलिकाभाभी लेकीच्या पायाशी बसून म्हणाली, "शिव्या दे मला."

पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर आईला सोसलं असतं.

"तुला तरी कुनी सांगितलं होतं, अम्मी?" नाझनीन म्हणाली, आणि सलाईन लावलेल्या हातानं तिनं आईचे डोळे पुसले.