आभाळ शिवणारी आत्या आणि तिचा राग

बाजाराच्या टोकाला रस्ता वळताना इतका अरुंद होतो की उन्हालाही तिथे अंग चोरून शिरावं लागतं. त्या वळणावर आत्याचं रफूचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि खिडकीशी पाठ झिजलेली खुर्ची. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा, भोकावर तो आधी उभा घालायचा, मग आडवा विणत जायचा, आणि तोही असा की फाटलं कुठे होतं ते मालकालासुद्धा सापडू नये, असं हे काम. या कामाने मान आखडते, डोळे चुरचुरतात आणि स्वभाव तिखट होतो. आत्याचा मुळातच तिखट होता. जन्मल्यावर ही रडली नाही, सुईणीवर ओरडली, असं तिची आईच सांगायची.

घात केला तो धाकट्या भावाने. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता, माणूस सालस, फावल्या वेळात लिहायचा. त्याने मुलांसाठी एक गोष्ट लिहिली. त्या गोष्टीत आभाळाला भोक पडतं, चांदण्या टपाटपा गळायला लागतात, आणि कध्धी म्हणजे कध्धी न रागावणारी एक आत्या शिडीवर चढून स्वतःच्या पांढऱ्या केसाने आभाळ रफू करते. खाली उतरल्यावर ती गल्लीतल्या सगळ्या मुलांचे कपडे फुकटात सांधून देते आणि एकेकाचा गालगुच्चा घेते. पुस्तक निघालं ते घराघरांत उशाशी जाऊन बसलं. पहिल्याच पानावर भावाने प्रेमाने छापून टाकलं होतं, ‘बाजाराच्या वळणावरच्या माझ्या ताईला’. चोराला घर दाखवावं तसं त्याने अख्ख्या मुलुखाला बहिणीचं दुकान दाखवलं.

त्या दिवसापासून आत्याचा राग जप्त झाला. सुट्टीच्या दिवशी आईबाप मुलांची बोटं धरून यायचे. मुलं तिचे केस ओढून बघायची. आया कान तुटलेले कापडी ससे पुढे करायच्या आणि डोळे ओले करून उभ्या राहायच्या, म्हणजे पैसे मागायची सोय नाही. एकदा तिने एका पोराला ‘हात काढ’ म्हटलं, तर त्याच्या आजोबांचा चेहरा असा पडला की जणू तिने देवळात थुंकलं. रफूचे खरे कपडे खुंटीवर लोंबत राहिले आणि आत्या ससे शिवत बसली. भाऊ गेला तेव्हा ती खूप रडली. त्याचं सगळं तिने माफ केलं, पुस्तक सोडून.

मग भावाच्या मुलाने, म्हणजे पुतण्याने, त्या गोष्टीवर सिनेमा काढायची परवानगी देऊन टाकली. पुतण्या बापासारखाच गोड, फक्त लिहिता येत नव्हतं. तो दिग्दर्शकाला दुकानात घेऊन आला. दिग्दर्शक नखशिखांत काळ्या कपड्यांत होता, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. दुकानात आधीच उजेड बेताचा, त्यात तो चष्मा काढेना, त्यामुळे तो आधी इस्त्रीच्या टेबलाला धडकला आणि मग म्हणाला की या जागेत एक विलक्षण काळोख आहे. आत्याने त्याला खिडकीसमोरून बाजूला व्हायला सांगितलं.

सिनेमात काय आहे हे पुतण्याने तिला सांगितलंच नाही. ते तिला गिऱ्हाइकांकडून कळलं. बातमी फुटली तसे लोक तिच्या सांत्वनाला यायला लागले. आमच्या बालपणाचं वाटोळं केलं म्हणाले. एक निवृत्त हेडमास्तर तर खुर्चीला धरून हुंदके देत होते. निषेध झाल्यावर सगळ्यांनी आपापले फाटके कोट तिथेच ठेवले, अर्थातच फुकटात रफू करून घेण्यासाठी, आणि ते शांत मनाने घरी गेले.

आत्याने पुतण्याला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला.

“सिनेमातली आत्या दारं शिवते म्हणे?”

“आत्या, ते प्रतीकात्मक आहे.”

“कुणाची दारं?”

“अख्ख्या गल्लीची. मुलं आत असतात, आणि ती बाहेरून काळ्या दोऱ्याने... मी त्यांना सांगितलं होतं, आमच्या आत्याला वाईट वाटेल म्हणून.”

“पोरं बाहेर येत नाहीत?”

“शेवटपर्यंत नाही.”

आत्याने हातातलं काम मांडीवर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पुतण्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला आधी वाटलं की तिला दम लागलाय. ती हसत होती. एकदा हा सिनेमा गावोगाव लागला, की या दुकानात ससा घेऊन कुणी येणार नाही, हे तिला लख्ख दिसलं होतं. आपला राग आपल्याला परत मिळणार होता.

पण पुतण्या गोड होता ना. तिचं समाधान करायला म्हणून तो घाईने म्हणाला की शेवटी सगळं छान होतं, आत्या रडते, चुकलं माझं म्हणते, टाके उसवते, आणि सगळी मुलं येऊन तिला मिठी मारतात.

“मग पुन्हा यायला लागतील सगळी,” आत्या म्हणाली, आणि हसू विझलं.

त्याला वाटलं, तिला गहिवरून आलं. म्हणून त्याने आणखी एक गोड गोष्ट सांगितली. शेवटच्या मिठीला खुद्द खरी आत्याच उभी करायची, अशी कल्पना त्याने दिग्दर्शकाला दिली होती आणि दिग्दर्शकाने ती आपली म्हणून स्वीकारलीही होती. आत्या लगेच हो म्हणाली. ती आयुष्यात कशालाच लगेच हो म्हणाली नव्हती, तेव्हा पुतण्याने इथेच सावध व्हायला हवं होतं.

शूटिंग गावाबाहेरच्या एका गोदामात होतं. आत फळ्यांची गल्ली उभी केली होती, आणि दारांवर सुतळीएवढ्या जाड दोऱ्याचे टाके घातले होते. दिग्दर्शकाने आत्याला समजावलं की काळोख हा त्याचा प्राण आहे, पण सिनेमा कौटुंबिक असल्यामुळे प्राण शेवटच्या पाच मिनिटांत सोडावा लागतो. प्रेक्षकाने घरी जाताना डोळे पुसले पाहिजेत. तेव्हा आत्याबाईंनी फक्त हात पसरायचे आणि चुकलं माझं म्हणायचं.

कॅमेरा चालू झाला. मुलं ठरल्याप्रमाणे धावत सुटली. आत्याने हात पसरले नाहीत, एक बोट वर केलं.

“पाय पुसून या. आणि अंगाला हात लावायचा नाही.”

मुलं जागच्या जागी थबकली. दिग्दर्शकाने पुन्हा घ्यायला सांगितलं. दुसऱ्या वेळी आत्याने त्यांना, कशाला आलात, असं विचारलं. पुतण्या तिच्या कानाशी लागून विनवण्या करू लागला. “आत्या, एवढं एक वाक्य म्हण. बाबांसाठी.”

“त्याच्यासाठी जन्मभर म्हटलं,” ती म्हणाली. “तोंड उघडलं की त्याचीच वाक्यं बाहेर पडायची. आता माझी ऐकू दे की जरा.”

तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही. फळ्यांच्या पायरीवर बसली, कोपर फाटलेलं एक जाकीट तिथे पडलं होतं ते ओढून घेतलं आणि त्याच्या शिवणीतून धागा काढू लागली. मुलांना काय करावं ते कळेना. मग एकेक करून ती तिच्यापासून चांगलं हातभर अंतर ठेवून बसली आणि सुईकडे बघत राहिली. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. गोदाम संध्याकाळी रिकामं करून द्यायचं होतं, मालकाचे हमाल दारात येऊन उभे होते, त्यामुळे सिनेमात तेच राहिलं. पुढे दिग्दर्शकाने मुलाखतींत सांगितलं की हा शेवट त्याने कित्येक वर्षं मनात जपला होता.

सिनेमा आला आणि गेला. हेडमास्तर तो दोनदा बघून आले आणि दोनदा निषेध करून आले. वळणावर मात्र शांतता उतरली, पहाटे गवतावर दव उतरावं तशी. गिऱ्हाईक कपडा ठेवायचं, दर विचारायचं, पैसे देऊन जायचं. जाताना मागे वळून बघायचं आणि पावलं जरा भरभर उचलायचं. आत्या मनात येईल त्याच्यावर मनात येईल तेव्हा करवादत होती. या सुखाने तिचा रंगही उजळला.

आणि मग एका दुपारी एक बाई आपल्या मुलीला दंडाला धरून दुकानात घेऊन आली. मुलगी सात-आठ वर्षांची, ओठ घट्ट मिटलेले.

“हिला जरा तुमच्या हवाली करते,” बाई हसत म्हणाली. “सिनेमातल्यासारखे डोळे वटारा हिच्यावर. ऐकतच नाही कुणाचं.”

आत्याने चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. “काय केलंस ग?”

आईच म्हणाली, “पाहुणे आले की गोड बोलत नाही. हसत नाही. चारचौघांत मान खाली जाते हो आमची.”

आत्याने सुई कापडात टोचून ठेवली. खुर्ची मागे सरकवली. उभी राहिली, आणि वर्षानुवर्षं खुंटीवर लोंबकळत ठेवलेलं सगळं तिने त्या बाईवर काढलं. लेकरू म्हणजे दिवाणखान्यातली फुलदाणी वाटली का, इथून सुरुवात झाली. पाहुण्यांवर आली. मग हसण्यावर. मग बाईच्या आईबापांनी तिला कसं वाढवलं असेल, त्यावर. समोरचा चहावाला किटली हातात धरून उभाच राहिला. बाई मागे मागे सरत पायरी उतरली आणि रस्त्यावरून लेकीला हाका मारू लागली.

मुलगी हलली नाही. आत्याचा शब्द न् शब्द ती टिपून घेत होती, आणि तिचेही ओठ हळूहळू हलायला लागले होते.