मायचं ताट आणि लंकेचे सात दिवस

माझी मुलगी हैदराबादला एका पर्यटन कंपनीत आहे. त्या कंपनीनं श्रीलंकेची सात दिवसांची सहल काढली होती, तिथलं खाणं चाखायचं आणि तिथलं जगणं बघायचं. रोज नवं हॉटेल, रोज नवा आचारी, आणि थाट असा की ऐकूनच पवनीतल्या शेजारणींनी मला खुर्ची दिली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी दोन जागा होत्या. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू आणि आजी जा." मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर पोरांना नकाशावर छडी टेकवून लंका दाखवली, पण छडीच्या टोकाखाली काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. माय नाही म्हणाली.

"मले नाई जमत. तिथं काय खाऊ अन काय नाई."

"अगं, खायलाच तर चाललोय."

"मंग तं अजूनच नाई."

शेवटी मी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं नाव काढलं. मायनं दुसऱ्या दिवशी दोन पांढरी लुगडी धुऊन वाळत घातली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धानाची रोवणी केली आणि त्याच रोवणीवर मला शिकवलं. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे राहते.

कोलंबोच्या हॉटेलात शिरलो तेव्हा पाचशे पोरांसमोर माइकशिवाय बोलणारी मी कुजबुजायला लागले. पायाखाली संगमरवर, समोर काचेपलीकडे समुद्र. तो एवढा जवळ आणि एवढा मोठा होता, की मी पासपोर्ट द्यायचं विसरून तिकडेच बघत राहिले. वैनगंगेचा पूर पाहिलेली बाई मी, पाण्याला घाबरत नाही. पण पलीकडचा काठच नाही असं पाणी मी पहिल्यांदा पाहत होते.

सकाळी नाश्त्याला एवढे पदार्थ मांडलेले, की मी आधी एक फेरी नुसती बघायला मारली. तांदळाच्या पिठाची वाटीच्या आकाराची कुरकुरीत धिरडी, मधोमध अख्खं अंडं. वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या. लाल मिरचीत कुटलेलं ओलं खोबरं. आणि नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला भात, त्याला तिथं किरीबात म्हणतात. मायनं वडी बोटांनी मोडली, जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "नवा तांदूळ हाय. जुना असता तं असा चिकटला नसता."

आमचा गाईड बरं हिंदी बोलायचा. त्यानं हे आचाऱ्याला सांगितलं. उंच टोपीवाला आचारी टेबलाशी आला आणि त्यानं मायला हात जोडले. मला फार अभिमान वाटला. तो जेमतेम पाच मिनिटं टिकला.

खाणं झालं आणि माय ताट घेऊन उठली. ताट म्हणजे चिनीमातीची भलीमोठी बशी. ती दोन्ही हातांत धरून माय टेबलांमधून निघाली, नळ शोधत. पांढऱ्या कोटातला वाढपी मागं धावला. तो "मॅडम, मॅडम" म्हणतोय, माय "राहू दे गा, मी धुतो" म्हणतेय. नळ सापडेना, तेव्हा तिनं एका शोभेच्या झाडाच्या कुंडीवर बशी धरली, पेल्यातलं पाणी ओतून खळखळून धुतली, पदरानं पुसली आणि त्या वाढप्याच्या हातात दिली. सगळं भोजनगृह बघत होतं. आमच्यासोबतच्या पुण्याच्या जोडप्यातल्या बाई म्हणाल्या, "किती गोड आहेत हो आजी!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तो 'गोड' मला चांगलाच झोंबला.

खोलीत गेल्यावर मी मायला समजावलं. म्हणजे रागावले. इथं धुणारी माणसं वेगळी असतात, ताट जागेवर ठेवून उठायचं असतं, लोक हसतात, वगैरे. माय मान हलवत ऐकत होती. दुपारी पुन्हा तेच, रात्रीही तेच. दुसऱ्या दिवशी तर वाढपीच तिला नळ कुठं आहे ते दाखवायला लागले. मी ठरवून टाकलं की या सात दिवसांत एकदा तरी मायला ताट जागेवर ठेवून उठायला लावायचं. शाळेत मी असल्या सवयी पंधरा दिवसांत मोडायची.

तिसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात चढलो. चहाचे मळे मी फक्त पुड्यांवर पाहिले होते. इथं अख्खे डोंगर विंचरून ठेवले होते, आणि खालून ढग वर येत होते, आमच्या गाडीच्या खिडकीपर्यंत. माय काच खाली करून ढगात हात घालायची, ओला तळहात मला दाखवायची आणि हसायची. एका मळ्यातल्या जुन्या बंगल्यात आमचं जेवण होतं. एकामागून एक सात पदार्थ वाढायचे, प्रत्येकासाठी नवी बशी. मी मनात म्हटलं, मेले! तिसऱ्या बशीनंतर माय दिसेना. मी शोधत मागं गेले, तर ती भांडी घासणाऱ्या बायकांमध्ये उभी. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत फेसात. स्वतःच्या तिन्ही बशा धुऊन झाल्या होत्या, आता माझ्या धुत होती.

मी तिला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं आणि नको ते बोलले. "तुझ्यामुळं माझी मान खाली जाते. तुला इथं राणीसारखं आणलं आणि तू मोलकरणीसारखी वागतेस."

माय बाकावर बसली. समोरच्या मळ्याकडे बघत, हात पुसत ती सांगायला लागली.

"मी अकरा वर्साची होतो. अड्याळच्या बाजूले एक मोठं घर होतं. तुही आजी तिथं कामाले जाये, मीबी जावो. दुपारी भात भेटे. माहं ताट येगळं, जर्मनचं. खाल्लं का मी धुवो अन गुरांच्या कोठ्यात आड्याले खोचून ठेवो. एक दिवस आभाळ आलं, वाळत घातलेलं धान उचलाले हाक मारली. मी उष्टं ताट तसंच अंगनात ठेवून धावलो. वापस आलो तं घरवालीनं काठीनं ढकलत ढकलत थे ताट उकिरड्यावर नेलं होतं. हात नाई लावला. तुही आजी तिच्या पाया पडली, म्हने पोरीची चूक झाली. थे पाया पडली, थे मले पायवलं नाई. तवापासून मी ताट ठेवून उठलो नाई वो. कुठंच."

मी साठीला आलेली बाई, आणि हे मला आज कळत होतं. लग्नाकार्यात, विहारातल्या भोजनदानात, नातलगांकडे माय ताट धुते हे मी जन्मभर पाहत आले होते. आम्ही म्हणायचो, तिला स्वच्छतेचं भारी वेड. माझी मुलगी तिला 'इन्स्पेक्टर' म्हणते. आजोबांनी दीक्षा घेतली, आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, घरं बांधली, आणि माझी अशी समजूत होती की ते सगळं मागं पडलं. मला स्वतःची लाज वाटली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे, तुह्या बशा धुवाच्या राहिल्या." त्यानंतर ती ताट घेऊन उठली की मी गप्प बसायची. पण आता माझी इच्छा आणखीच वाढली होती. शिस्तीचा प्रश्न उरला नव्हता. एकदा, फक्त एकदा, तिनं निर्धास्त उठावं असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी अनुराधपूर. आमच्या पवनीत स्तूप म्हणजे मातीखाली सापडलेल्या विटा. आम्ही पाहुण्यांना टेकडीवर नेतो, बोटानं दाखवतो आणि बाकीचं त्यांनी मनानं उभं करायचं असतं. इथं तो उभा होता. पांढराशुभ्र, आभाळात गेलेला, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बायका, लेकरं, हातात निळी कमळं घेऊन अनवाणी चाललेली. मी मान वर करून बघत राहिले ती मान दुखेपर्यंत. आमच्या विटांवर असंच काहीसं उभं असेल, असंच कोणी फुलं घेऊन येत असेल, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ते खरं आत्ता वाटलं. बोधिवृक्षाखाली माय वाळूत बसली. कोणी तिला सरक म्हणालं नाही, कोण कुठली विचारलं नाही. शेजारच्या बाईनं आपल्या ओंजळीतली दोन फुलं तिच्या ओंजळीत घातली. मायनं त्रिसरण म्हटलं, आणि आजूबाजूच्या लोकांचे ओठ त्याच शब्दांवर हलले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हे तं आपलंच बोलून राहिले वो." तिथं मी रडले.

सहाव्या दिवशी एका खेड्यात जेवण होतं. तलावातून होडीनं जायचं. तलाव कमळांनी भरलेला, पाळीवर मोठाली झाडं, पाळीखाली पाट आणि त्यापुढे हिरव्यागार बांध्या. भंडाऱ्याहून हजार कोसांवर कोणी आमचाच मालगुजारी तलाव आणून ठेवला असावा तसं. माय होडीतून बांध्यांकडे बघत म्हणाली, "रोवणी जरा इरळ हाय." गाईडनं विचारलं काय म्हणाल्या. मी म्हटलं, छान आहे म्हणाल्या.

घर शेतकऱ्याचं, स्वयंपाकघर नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेलं. घरची म्हातारी मायच्याच वयाची. आम्ही सगळे वाकून आत शिरलो. माय उंबऱ्याबाहेर थांबली. म्हातारीनं मागं वळून पाहिलं, चुलीजवळून उठली आणि मायचं मनगट धरून तिला आत आणून बसवलं. खोबरं किसायला दिलं. आमच्या झाडीपट्टीत नारळ फोडतात तो प्रसादाला, त्यामुळे मायचं खोबरं जमिनीवर जास्त आणि भांड्यात कमी पडायला लागलं. दोघी हसल्या. मग मायनं कोपऱ्यातलं सूप ओढलं आणि लाल तांदूळ पाखडायला घेतले. सुपाची ती लय, तांदूळ हवेत उठून पुन्हा अचूक सुपात. म्हातारीनं हातातला डाव खाली ठेवला आणि बघत राहिली. मीसुद्धा. आठवडाभर मी समुद्र बघून, डोंगर बघून, आचाऱ्यांचे हात बघून थक्क होत होते, आणि हे हात माझ्या घरात होते.

जेवण वेताच्या टोपलीत, कमळाच्या पानावर. लाल भात, कमळाच्या देठांची भाजी, कोवळ्या फणसाचा रस्सा, खोबऱ्याची चटणी. मायनं आठवड्यात पहिल्यांदा भात मागून घेतला. जेवून झालं आणि ती टोपली उचलून उठली.

म्हातारी समोर आली आणि तिनं टोपलीची दुसरी बाजू धरली.

"अवो बाई, उष्टं हाय. सोड," माय म्हणाली.

म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. माय सोडेना, तीही सोडेना. गाईड मध्ये पडायला निघाला, मी त्याला थांबवलं. मग म्हातारीनं एक हात सोडून मायच्या बोटांवर ठेवला आणि हळूहळू ती बोटं सोडवली. टोपली घेतली, उष्टं पान उघड्या हातानं उचललं, अंगणातल्या गाईपुढे ठेवलं आणि टोपली धुवायला मागं गेली. मायचे हात रिकामे राहिले. त्यांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते पदराला पुसले, आणि मग ती पुन्हा खाली बसली. नुसतीच बसली. मी चष्मा काढून पुसत राहिले, तो पुसला जाईना.

परतीच्या गाडीत मी फार खुशीत होते. मुलीला कसं सांगायचं, शेजारणींना कसं सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. मायला हवं होतं ते तिला मिळालं आणि ते मिळवून देणारी मी, असं काहीसं माझ्या चेहऱ्यावर असणार. माय खिडकीतून बांध्या बघत होती. मग म्हणाली, "एक इचारू?"

"विचार ना."

"आपल्या घरी भांडे घासाले येते थे बाई. तिचा कप मागच्या खिडकीत काहून असते वो?"

सहा वर्षांपासून येते ती. तिला रोज चहा मिळतो, सणाला साडी मिळते, मी तिच्याशी कधी आवाज चढवून बोलले नाही. आमचे कप कपाटात असतात आणि तिचा, कान तुटलेला, मोरीच्या बाजूच्या खिडकीत पालथा. तो तिथं कधीपासून आहे, मला आठवेना. मी तसं कधी सांगितलेलंही आठवेना.

"ती स्वतःच ठेवते गं तिथं," मी म्हटलं.

माय बाहेरच बघत होती. "हो," ती म्हणाली. "मलेबी कोनी सांगतलं नोहोतं. मीबी सोताच ठेवो."