काकूंनी पोचवलेल्या टोपल्या

हिराकाकूंना मी शेवटचं भेटले ती पौडच्या दवाखान्यात. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. काका औषधं आणायला खाली गेले होते आणि मी नेहमीसारखी, काय बोलावं ते न सुचून, पलंगाच्या कडेला बसून होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "यंदा टोपल्या न्हाई केल्यास तरी चालंल बरं का. कुनी वाट बगत बसलं न्हाई." मला वाटलं, एवढ्या आजारपणातही यांना माझ्या दगदगीची काळजी. "तुम्ही बऱ्या व्हा, आपण दोघी मिळून करू," मी म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं... त्याच आठवड्यात काकांचा फोन आला.

भुकूमला काकूंच्या घरावरच्या खोलीत मी भाड्याने राहते. मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली, शाळा कॉन्व्हेंटची. मराठी घरातली भाषा असली तरी परक्या माणसांसमोर ती माझ्या तोंडून नीट निघत नाही, आणि खरं सांगायचं तर इंग्रजीही फारशी निघत नाही. समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर संध्याकाळी गल्लीतल्या बायका बसलेल्या असत. ऑफिसातून येताना मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून जिना गाठायची. आमच्याकडे नाताळचा फराळ शेजारी वाटायचा असतो. आई अजून सगळ्या आळीला ताटं पाठवते. इथला माझा पहिला डिसेंबर आला तेव्हा मलाही वाटलं, बोलता येत नाही तर निदान हे करावं. बावधनच्या एका दुकानात बघितलेल्या तयार हॅम्परचा फोटो मी काकूंना दाखवला. त्याची किंमत माझ्या पगारात बसणारी नव्हती. काकूंनी फोन लांब धरून पाहिला. "आत बिस्किटं दोन न् वर चकचकीत कागूद हातभर. अगं, ही टोपलीच की! आपन करू."

आणि आम्ही केल्या. पौडच्या बाजारातून बुरडाकडच्या लहान टोपल्या आणल्या. तळाला भाताचा पेंढा, तो काकूंच्या खळ्यावरचाच. लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्यात परसातल्या पेरूंची जेली भरली. काकूंच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून फिती केल्या. आईच्या पद्धतीच्या करंज्या आणि शंकरपाळ्या मी केल्या, काकू तळायला बसल्या. तळताना त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "अंडं न्हाई ना घातलं ह्यात?" मी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. प्रत्येक टोपलीला मी एक चिठ्ठी बांधली, 'नाताळच्या शुभेच्छा' आणि खाली माझं नाव. वेलांट्या आईला फोनवर विचारून घेतल्या होत्या. मग घरोघर न्यायची वेळ आली आणि माझे पाय जिन्यातच अडकले. काकू हसल्या. "लाजतीस व्हय? जा तू हापिसात. मी देते समद्यांना."

तेव्हापासून दर वर्षी असंच. दिवस काकू ठरवायच्या, बहुतेक गुरुवारच असायचा. मी संध्याकाळी परत आले की त्या जिन्याशी उभ्या असायच्या. "रंजना म्हनली, पोरगी लई गुनाची हाय. करंज्या हातोहात फस्त!" रंजनावहिनी म्हणजे गिरणीवाल्या. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे बघून हसल्या की ते हसू मी जपून वर घेऊन यायची. या गल्लीत आपल्याला कुणीतरी ओळखतं, असं मला वाटायला लागलं होतं.

काकूंच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर आम्ही काहीजणी मागच्या ओट्यावर भांडी पुसत होतो. रंजनावहिनी म्हणाल्या, "आता मार्गशीर्षातल्या गुरुवारची टोपली न्हाई यायची बाई. उद्यापन करावं तर हिरावैनींनी! बाकीच्या वाण म्हनून प्लॅष्टिकचा डबा टेकवत्यात. वैनींची टोपली बगा, पेंढ्यात ठिवलेली जेलीची बाटली, करंज्या, फीतसुद्दा लुगड्याची..." मग माझ्याकडे वळून, "तुमाला तरी मिळत हुती का वो ताई, का भाडेकरू म्हनून टाळलं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग विचारलं, "टोपलीला चिठ्ठी असायची का?"

"चिठ्ठी? न्हाई बा. हळदकुंकवाची पुडी असायची."

मी हातातलं ताट पुसत राहिले. ते कधीच कोरडं झालं होतं.

म्हणजे गल्लीतल्या एकाही घरात माझी टोपली कधी गेलीच नव्हती. रंजनावहिनींचं हसू रस्त्यात भेटलेल्या कुणालाही बघून येतं तेवढंच होतं. आपली टोपली म्हणून काकूंनी दिली, हे एक वेळ मी गिळलं असतं. पण संध्याकाळी जिन्याशी उभं राहून मला सांगितलेली ती कौतुकं? ती त्यांनी बसून रचली होती, माझ्यासाठी, दर वर्षी नवी. कधी वाटतं, माझ्या नावाने दिलं तर लोक खाणार नाहीत याची त्यांना भीती असेल, आणि मला ते कळू नये म्हणून त्यांनी हे सगळं केलं असेल. कधी वाटतं, गल्लीत एक नंबर व्हायला कुणाला आवडत नाही... विचारायला आता कुणी नाही. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी राग जात नाही. मेलेल्या माणसाचा राग कुणापुढे काढायचा, हेही कुठे शिकवत नाहीत.

या आठवड्यात मी एकटीनेच करंज्या केल्या आणि ताट घेऊन स्वतः गिरणीत गेले. "माझ्याकडून, नाताळच्या," एवढं म्हणायला मला पूर्ण रस्ता ओलांडेपर्यंत जोर करावा लागला. रंजनावहिनींनी हाताचं पीठ झटकलं, एक करंजी उचलली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. त्यांचे डोळे भरून आले.

"वैनींच्या हातची चव. त्यांनी शिकिवलं ना तुमाला?"

"नाही. माझ्या आईची आहे ही. आधीच्याही मीच..."

"असू द्या वो ताई," त्या माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या. "वैनी हुत्याच तशा. भेटंल त्याला शिकवायच्या."

मी रिकामं ताट घेऊन वर आले. पिठाची बोटं दंडावर उमटली होती. शेगडीपाशी, तळताना पहिली निघालेली करंजी अजून बशीत होती. ती काकू कधी टोपलीत जाऊ द्यायच्या नाहीत. फुंकर मारून मोडायच्या, मोठा तुकडा मला द्यायच्या आणि चावता चावता म्हणायच्या, "जमली गं तुला." साऱ्या गल्लीत या करंज्या कुणाच्या हातच्या आहेत हे ठाऊक असलेलं एकच माणूस होतं.

मी करंजी मोडली. दोन्ही तुकडे मीच खाल्ले.